सीटखालचा स्विच

घणसोली गावात, आमच्या जिन्याखाली
गवत कापायची गाडी राहते.
चार चाकं, एक सीट, पोटाखाली दोन पाती.
रबाळ्याच्या कंपनीने लिलावात काढली, बाबांनी घेतली.
गल्लीतली पोरं तिला ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणतात.
टेम्पोत चढवायची तर तांडेलकाकूंना
सुकटीची खाट उचलावी लागते.

कंपनीचं लॉन आहे तिथे आमचं खाचर होतं.
बाबांची आई गवत उपटून बांधावर फेकायची.
बाबा तेच गवत राखतात, पगार घेऊन.
यावर ते कधी काही बोलले नाहीत.
मीच बोलते.

चार महिने गाडी उभी होती.
त्यातले दोन बाबा वाशीच्या इस्पितळात.
घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी लुंगी खोचून म्हणाले,
"बाय, उजेर धर."

आधी पेट्रोल.
टाकी उघडून त्यांनी वास घेतला,
आई कालच्या कालवणाचा घेते तसा,
आणि तोंडही तसंच केलं.
सगळं बाटलीत काढलं. नवं अर्धा लिटर.
कार्बोरेटरची वाटी खोलली तर तळाला हिरवट गाळ,
आणि जेटचं भोक, सुईच्या नेढ्याहून बारीक,
बुजलेलं.
तांब्याच्या तारेचा एक केस आत घातला, फुंकर मारली,
माझ्या मोबाइलपुढे धरलं.
"दिसला?"
"दिसला."
"माजे पोटान पन डॉक्टरनी असंच बगलं."

प्लग काळाकुट्ट. घासला.
फट मापायला माझं एटीएम कार्ड,
बरोबर तेवढीच जाडी लागते.
पंख्याचं झाकण काढलं तर उंदरांचा संसार:
वाळकं गवत, फुलवाती,
माझ्या बारावीच्या हॉलतिकिटाचा कोपरा.
इंजिनाच्या फासळ्यांत कोंडलेला कचरा
मी जुन्या टूथब्रशने काढत गेले,
एकेक फट.
बाबांनी बनियन काढली होती.
मी वर बघितलं नाही.

ब्रेक लावून चावी फिरवली.
खोकली, धूर सोडला, लागली!
काकूंचा कुत्रा थेट देवळापर्यंत पळाला.
बाबा वर चढून बसले, ब्रेक सोडला.
बंद.
पुन्हा लावली. बसले. बंद.
तिसऱ्यांदा प्लगची टोपी दाबली, पेट्रोलची नळी चिमटून पाहिली,
बॅटरीला शिवी दिली.
बंद.
मग उतरले. "तू बस."
मी बसले, ब्रेक सोडला.
चालू.
चालूच राहिली, आपली मस्त घुरघुरत.
बाबा इंजिनाकडे बघत राहिले,
माझ्याकडे नाही.

सीटखाली एक स्विच असतो.
वर माणूस आहे असं वाटलं तरच तो इंजिनाला चालू देतो.
हे मला बाबांनीच शिकवलं होतं, मी नववीत असताना.
डिस्चार्जच्या कागदावर
त्यांचं वजन एकेचाळीस लिहिलं होतं.

मी म्हटलं, दोन वायरी एकमेकींना जोडून टाकू,
स्विचला विचारायचंच नाही.
"नाय. वायर नाय जोरायची.
मानूस परला तं पातं थांबाला पायजे."
हात रॉकेलने धुतले, आत जाऊन आडवे झाले.

रात्री आई झोपल्यावर मी खाली आले.
सीट उलटी केली.
दोन स्प्रिंगा, तेरा नंबरचा पाना.
दोन्हीकडे दोन-दोन आटे सैल.
तळहाताने दाबून पाहिलं: टक्.
इतक्या हलक्या हातालाही ओळख दिली तिने.

सकाळी बाबा बसले, ब्रेक सोडला.
गाडी गल्लीत हातभर पुढे गेली, मागे आली.
काकू सुकटीवरून ओरडल्या, "हसुराम, खाट!"
ते उतरले. सीटवरून एकदा हात फिरवला.
मग पान्यांची पेटी उघडली.
मी घाईत तेरा नंबर बाराच्या खाचेत ठेवला होता.
तो त्यांनी उचलला, तेराच्या खाचेत बसवला.

"दोन आटे?"
"दोन."
"होलीला परत कसायचे."
आणि आत बघून आईला भात टाकायला सांगितलं,
सकाळचे साडेआठच वाजले होते.